कार्यकारिणी डॉट कॉम
कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ची. तिच्या विद्यार्थी शाखा देशभर निघाल्या. तालुक्याच्या कॉलेजातलं संगणक मंडळ मात्र स्वयंभू. बार्शीटाकळीच्या जुन्या देवळात शके १०९८चा शिलालेख आजही टिकून आहे. मंडळाचा फ्लेक्स मात्र पोळ्यापर्यंत टिकला तरी पुष्कळ. त्यावर अध्यक्षाचा फोटो प्रमुख पाहुण्यांपेक्षा अंमळ मोठा. पाहुणे ‘एआयनं जग बदललं’ म्हणतात अन् नेमकी तेव्हाच लाइन जाते. मग अंधारात शाल, श्रीफळ, आलूबोंडा. सचिवाचं काम एकच: ग्रुपवर ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ ही सेटिंग राखणं. खरा प्रोग्रॅमर खजिनदार. वर्गणीचा हिशेब विचारला की त्याचा लूप सुरू होतो, तो संपत नाही. हॅकेथॉनच्या सहभागाची प्रमाणपत्रं सगळ्यांना मिळाली आहेत. हॅकेथॉन व्हायची आहे.