दहा ते दोनचं भूत

भर दुपारी ओढ्याच्या काठानं एकट्यानं जाऊ नये, पिंपळाखाली तर मुळीच थांबू नये, असं आमच्या नगरकडच्या म्हाताऱ्या माणसांनी लहानपणी इतकं बजावलं होतं, की बाप्तिस्मा, संडे स्कूल आणि दहा आज्ञा एवढं सगळं होऊनही ती भीती पुरती गेली नाही. रात्रीचं भूत परवडलं. ते निदान अंधाराची वाट बघतं. दुपारचं भूत लख्ख उन्हात येतं.

या भुताचा सर्वांत चोख पंचनामा मात्र आमच्या ओढ्यावर झाला नाही, इजिप्तच्या वाळवंटात झाला. चौथ्या शतकात इवाग्रियस नावाचा एक विद्वान कॉन्स्टँटिनोपलमधलं चांगलं चाललेलं सोडून अखेर तिथल्या संन्याशांत जाऊन राहिला. माणसाला छळणारे आठ विचार त्यानं मांडले. त्यांत खादाडपणा आहे, लोभ आहे, राग आहे, गर्वही आहे. पण सर्वांत जड भूत म्हणून त्यानं नाव घेतलं ते भक्तीच्या कंटाळ्याचं. 91व्या स्तोत्रात भर दुपारी येणाऱ्या अरिष्टाचा उल्लेख आहे, त्यावरून त्यानं याला दुपारचं भूत ठरवलं. आपल्या घड्याळानं ते सकाळी दहाच्या सुमाराला येतं आणि दोनपर्यंत मुक्काम ठोकतं. तेवढ्यात सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा होतो. संन्यासी खिडकीतून डोकावतो, मग बाहेर येऊन ऊन किती कललं ते बघतो, कारण जेवण तीनला. कुणी बंधू भेटायला येतोय का, तेही बघतो. कुणी येत नाही. मग ही जागाच वाईट, हे कामच वाईट, माणसांत पूर्वीसारखी माया राहिली नाही, असं त्याचं मत बनत जातं. वाचायला बसला तर जांभया देतो, डोळे चोळतो, किती पानं उरली ती मोजतो, लिहिणाऱ्याच्या अक्षराला नावं ठेवतो आणि शेवटी तोच ग्रंथ उशाला घेऊन डुलकी काढतो.

हे वाचून मला पहिली शंका आली ती अशी की या गृहस्थानं आमची रविवारची उपासना कुठून पाहिली? वेळसुद्धा तीच. साडेनऊची घंटा होते, शास्त्रपाठ होतात आणि दहाच्या पुढे पाळकसाहेब प्रवचनात रंगू लागतात. सूर्य इथंही हलत नाही. पंख्याची पाती मोजून होतात; ती तीनच असल्यामुळे ते काम लवकर संपतं. पुढच्या गीताची कडवी किती, ते बघून होतं. माईकला नावं ठेवून होतात, मग माईक दुरुस्त न करणाऱ्या कमिटीला. प्रभूची प्रार्थना तोंडून बिनचूक बाहेर पडते आणि आमेन म्हणताना ध्यानात येतं, की मन मघापासून घरच्या मटणाच्या रश्श्यापाशी आहे.

याला शंका म्हणता येत नाही. शंका आली की माणूस वाद घालतो, पुस्तकं काढतो, देवाशी भांडतो. त्यात धुगधुगी असते. इथं भांडण कशाबद्दलच नसतं. सगळं मान्य असतं, फक्त आत काही हलत नाही. आणि असं कुणाला सांगावं, तर मंडळीतले कळकळीचे लोक औषध देतात: पहाटे चारला उठा, उपास करा, शुक्रवारच्या प्रार्थनेला या, येताना चार माणसं आणा. दमलेल्या माणसाला आणखी काम लावण्याची ही रीत कुठल्या शास्त्रात आहे, मी शोधून पाहिलं. शास्त्रात तर नेमकं उलटं आहे.

1 राजे, अध्याय 19. एलीया संदेष्ट्यानं नुकतंच कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला पाहिलाय, बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांना तो एकटा पुरून उरलाय. यापेक्षा यशस्वी कार्यक्रम कुठल्या मंडळीत झाला नसेल. आणि लगेच राणी ईजबेलीचा एक निरोप येतो, तेवढ्यानं हा वाघ पळत सुटतो तो थेट बैरशेबाच्या पुढे रानात. एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, आता माझा प्राण घे. पाळकमंडळींना जानेवारी महिना हा असाच जातो, असं मला बरेच दिवस वाटत आलंय. नाताळात गव्हाणी, तारे, कॅरल, स्नेहभोजन, लहान मुलांचं नाटक सगळं पार पडतं आणि मग रिकाम्या मांडवात खुर्च्या मोजायला ते एकटे उरतात.

आता देवदूत येतो. त्याला बोलायला केवढी संधी होती! अविश्वास, कृतघ्नता, पळपुटेपणा, तीन मुद्द्यांचं प्रवचन आयतं होतं. तो एलीयाला हलवून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. यावरही देवदूत चिडत नाही. तो दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खा म्हणतो. वाट लांबची आहे, एवढं एकच कारण देतो. अख्ख्या पवित्र शास्त्रात आमच्या मावशीसारखं बोलणारा देवदूत मला हा एकच भेटला.

वाळवंटातल्या जुन्या संन्याशांनाही ही समज होती. खुद्द संत अँथनीला असाच कंटाळा आला, तेव्हा त्याला आपल्यासारखाच एक माणूस दिसला: बसून काम करणारा, मधेच उठून प्रार्थना करणारा, पुन्हा बसून दोरी वळणारा, पुन्हा उठणारा. तो देवदूत होता, आणि असंच कर, एवढंच त्याचं सांगणं होतं. इवाग्रियसचा उपाय याहून गमतीदार. जिवाचे दोन भाग करावेत, म्हणतो; एकानं रडावं, दुसऱ्यानं त्याची समजूत काढावी. 42व्या स्तोत्राचा कवी हेच करतो, आपल्याच जिवाला विचारतो की तू असा खिन्न का झालास. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. रामदासांनी मनाला समोर बसवून श्लोकामागून श्लोक ऐकवले, तुकोबा तर मनाशी आणि विठोबाशी आळीपाळीनं भांडले. ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. ही स्वतःशी बोलायची सवय त्या पुलावरून त्यांच्याबरोबर आलीच असणार. नगरला आमच्या देवळात त्यांची भजनं पेटी-तबल्यावर सुरू झाली की माझा एक भाग गप्प असला तरी दुसरा ठेका धरतोच. शिवाय शेजारच्या बाकावरच्या मावशी बेसूर पण इतक्या खणखणीत गातात, की माझं न गाणं कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या दिवशी माझ्या वाटणीचं त्या गातात. कधीतरी त्यांचा घसा बसेल, तेव्हा मला गावं लागेल, म्हणून मी येत राहतो.

एलीयाची खरी तक्रार पुढे होरेब डोंगरावर बाहेर पडते: एकटा मीच उरलोय. हे वाक्य मी प्रत्येक मंडळीच्या खजिनदाराच्या तोंडून ऐकलंय. देव त्याला चुकीचं ठरवत बसत नाही. वारा, भूकंप, अग्नी यांत न सापडलेला देव मंद वाणीनं येतो आणि जवळजवळ कचेरीतल्यासारखा बोलतो: अमक्याला अभिषेक कर, तमक्याला कर, तुझ्या जागी अलीशा येईल, आणि हो, बआलापुढे गुडघा न टेकलेले सात हजार आहेत. म्हणजे सांत्वन म्हणून मिळाला तो एक मदतनीस, आणि आकडेवारीत एक दुरुस्ती.

टिळकांचंच बघा. 1917 साली, इतर माणसं पेन्शनचा हिशेब घालतात त्या वयात, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. दोन वर्षांनी, 1919च्या मे महिन्यात ते गेले. दरबार बाळसं धरण्याआधीच कर्ता गेला आणि ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं. ते पुढे नेलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. जिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, 1895 साली नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतला म्हणून आकांत केला होता आणि स्वतः त्या वाटेवर यायला 1900 साल उजाडू दिलं होतं, त्या बाईनं अध्यायामागून अध्याय रचले.

अलीशा सापडला तेव्हा तो शेतात बैलांच्या बारा जोड्या चालवत होता. एलीयानं त्याच्या अंगावर आपला झगा टाकला. अलीशानं आधी आईबापांचा निरोप घ्यायचं म्हटलं, मग नांगराच्याच लाकडांवर स्वयंपाक रांधला आणि गावाला जेवू घातलं. एलीया त्या पंगतीला बसला की नाही, ते शास्त्रात दिलेलं नाही. माझ्या मते बसला. जेवून मार्गाला लागायची सवय त्याला रानातच लागली होती.