पुस्तक आणि फोन

चेन्नईत माउंट रोडवरच्या हिगिनबॉथम्समध्ये (पुस्तकांचं दुकान, १८४४ सालचं; रस्त्याला कागदोपत्री आता अण्णा सालै म्हणतात) मन ठिकाणावर आणणाऱ्या पुस्तकांपुढे उभं राहिलं की आधी दडपणच येतं. सगळी नावं हुकूम सोडणारी. काळजी सोडा, उठा, जिंका! ज्याला दात घासायचीही उमेद नसते, त्याच्या कामांच्या यादीत आणखी भर. आमच्या रामदासांनीही मनाला २०५ श्लोक ऐकवले, पण निदान त्याला भला माणूस समजून.

तरी ती पुस्तकं मी विकत घेतो. वाचताना बरं वाटतं, हे खोटं नाही. डेव्हिड बर्न्स यांचं 'फीलिंग गुड' हे १९८० सालचं पुस्तक तर काम नेमून देतं: डोक्यात आलेला विचार कागदावर उतरवा, त्यातली खोट शोधा, शेजारी रास्त उत्तर लिहा. रकान्यांची ती पानं आपण झरझर उलटतो. पेन शोधायला उठायचं कुणी?

१९८९ साली फॉरेस्ट स्कोगिन आणि सहकाऱ्यांनी सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या वयस्क मंडळींना हेच पुस्तक वाचायला दिलं. साधारण महिन्याभरात चांगला फरक दिसला. मला त्यातली एक बारीकशी गोष्ट फार आवडते. दर आठवड्याला त्या मंडळींना एक छोटासा फोन जायचा. उपचार म्हणून नव्हे, विचारपूस म्हणून. नाव झालं पुस्तकाचं. फोनला मुखपृष्ठावर कोण घेणार!

नुसती विचारपूस करणं वाटतं तितकं सोपं नाही. ज्यांना आत्महत्येचे विचार छळतात अशांसाठी डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली चेन्नईत 'स्नेहा' सुरू केली. तिथले स्वयंसेवक मन लावून ऐकतात, सल्ला देत नाहीत. आमच्या काही नातेवाइकांना तिथे पाठवायचं फार मनात आहे. अर्थात झोप उडाली, अन्न नकोसं झालं, जगणंही नको वाटू लागलं, तर पुस्तक मिटून डॉक्टरच गाठावा. किल्पॉकच्या सरकारी मनोरुग्णालयाचं मूळ १७९४ सालचं. मन आजारी पडतं हे या गावाला बर्न्सच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

माझ्यापुरती सोय पुण्याच्या ताईनं केली आहे. रविवारी तिचा फोन येतो. "वही लिहिलीस का रे?" एवढंच विचारते आणि मग भाज्यांच्या भावावर घसरते. त्यामुळे शनिवारी रात्री जेवणं झाली की मी घाईघाईनं रकाने भरायला बसतो. अक्षर गचाळ येतं, पण फोनवर ते तिला कुठे दिसतंय!