तापलेली आरती

गुलमंडीमागच्या बोळातल्या एका देवळात आरतीचं यंत्र आहे. लोखंडी चौकटीत नगारा, वर पितळी घंटा, बाजूला झांजा आणि तळाशी हा सगळा गजर मुकाट्याने ओढणारी छोटी मोटर. पट्टा फिरला की दांड्यावरचे उंचवटे टिपरू उचलतात आणि सोडून देतात. १८९५ साली अमेरिकेत एडविन व्होटी यांनी पियानो आपोआप वाजवणारा पियानोला घडवला. त्याला निदान छिद्रांच्या कागदावरून नवनवी गाणी वाजवता येत आणि भाता पायाने हाणायला कुणीतरी लागे. आमच्या यंत्राला एकच ठेका पाठ, तोही जन्मभराचा. माणसांनी आपला गळा त्याच्या मागे पळवायचा, एवढीच अट.

चैत्रात ही मोटर तापू लागली. कापराच्या वासात जळक्या वार्निशचा वास मिसळला, गुरुजी उपरण्याचं टोक गुंडाळून तिच्या अंगाला हात लावू लागले. आणि आरती संथ झाली. दर कडव्याला ठेका थोडा मागे रेंगाळे, दुपारच्या जेवणानंतर वाड्यात हिशेब सांगत बसलेल्या मुनीमजींसारखा. पुढच्या रांगेतले आजोबा खुलले. एरवी घंटेच्या धावपळीत गिळली जाणारी अक्षरं आता पुरती तोंडाबाहेर येत होती. एकाने तर चक्क आलाप घेतला.

शेवटी वाइंडिंगवाले भाई आले. झाकण उघडलं तर हवेच्या जाळीत वातींचा कापूस, काजळी आणि कित्येक गणेशोत्सवांचा गुलाल. “कंडेन्सर बसलाय, बुश कोरडा. जोर लावायली पण फिरंना, म्हणून तापायली,” भाई म्हणाले. म्हणजे ज्या संथपणाला आम्ही भक्तिभाव समजत होतो, तो मोटरचा ताप होता! इथून जवळच बाबा शाह मुसाफिर दर्ग्याची पाणचक्की आहे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर जातं फिरवणाऱ्यांना ही चिंता नव्हती. त्यांची मोटर पाण्यातच बसलेली.

नवा कंडेन्सर बसला, बुशात तेल पडलं, जाळी फुंकून झाली. त्या संध्याकाळी आरती अशी सुटली की आजोबा दुसऱ्या कडव्यातच मागे पडले. दुसऱ्या दिवशी ते भाईंच्या दुकानात. “भाऊ, न तापता हळू नाही का वाजवता येणार?”

“येतं की. दांड्यावर मोठी पुली टाकू, ठेका आपोआप बसतो.”

पुलीचा खर्च किरकोळ आहे. पण आरती किती वेगाने म्हणायची, हा विषय आता कमिटीपुढे आहे, आणि तिथे दोन तट पडलेत.