वाडीचं वायफाय नासवणाऱ्या शेजाऱ्यास

शेजाऱ्या,

पत्राच्या सुरुवातीला स.न.वि.वि. लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुझ्यासाठी ती मी मोडतो आहे. तुझं नावही लिहीत नाही. ते तपासात पुढे यावं, माझ्या तोंडून नव्हे. पण तू वाडीतलाच आहेस, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. परवा मागच्या इमारतीची वीज गेली, त्याच क्षणी वाडीच्या नावाने दिसणाऱ्या दोन वायफायपैकी एक बंद पडलं. पुढच्या इमारतीत, मंडळाच्या खोलीतलं आमचं खरं वायफाय चालूच होतं. वीज आली आणि तुझंही परत आलं. मग मी मोबाइलवर सिग्नल मोजत जिना चढलो. तो कुठल्या मजल्यावर सगळ्यात जोरात आहे, ते लिहून ठेवलं आहे.

हे वायफाय कशासाठी आलं, ते तुला माहीत नाही असं नाही. 2020 साली शाळा मोबाइलवर भरायला लागल्या. ज्या घरात तीन मुलं आणि एक फोन, तिथे रोज सकाळी भांडण ठरलेलं. डेटा पॅक महिन्याच्या मध्यातच संपायचा. तेव्हा गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत मंडळाने फायबरची लाइन घेतली, गॅलऱ्यांत छोटे अ‍ॅक्सेस पॉइंट लावले. शाळा उघडल्यावरही ते काढले नाहीत, कारण अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं बसू लागली होती. पासवर्ड अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहिलेला असे. आमच्यात चोर असेल असं कोणाच्या मनात आलं नाही, म्हणून तो फळ्यावर होता.

तू काय केलंस? राउटरच्या तळाशी कंपनीने चिकटवलेला पासवर्ड वाचून सेटिंगमध्ये शिरलास. मग बाजारात मिळणारा एक स्वस्त राउटर घेऊन त्याला आमचंच नाव दिलंस. नाव आणि पासवर्ड जुळला की फोन ज्याचा सिग्नल जोरात, त्याला चिकटतो. तुझ्याकडे चिकटलेल्या फोनवर तू एक पान दाखवलंस: ‘मंडळाचे वायफाय, पुन्हा लॉगिन करा, मोबाइल नंबर आणि आलेला ओटीपी टाका.’ तळमजल्यावरच्या आजींनी टाकला. तो ओटीपी त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपचा होता. तासाभरात आजींच्या नावाने त्यांच्या माहेरच्यांकडे, जावयाकडे, जुन्या मैत्रिणींकडे पैशांची मागणी गेली. एकीने पाठवलेही. आजी त्यानंतर फोनला हात लावत नाहीत. अमेरिकेतल्या नातवाशी रविवारी होणारं त्यांचं बोलणं बंद झालं आहे.

याला तू हॅकिंग म्हणत असशील. यात तू काहीही शोधून काढलेलं नाहीस. मॅथी व्हॅनहूफ या बेल्जियन संशोधकाने 2017 मध्ये वायफायच्या सुरक्षेतलं मोठं भगदाड शोधलं, आधी कंपन्यांना कळवलं, दुरुस्त्या यायला लागल्यावर जगाला सांगितलं. त्याला हुशारी म्हणतात. तू स्टिकर वाचलास आणि पंचाहत्तरीच्या बाईला फसवलंस.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी मुळात लिहायला बसलो. तू खोटं खातं उघडून वाडीतल्याच एका मुलीबद्दल घाण लिहिलीस, आणि तेही मंडळाच्या लाइनवरून. बाहेरच्या जगाला या लाइनचा एकच पत्ता दिसतो, आणि कनेक्शनचे कागद आमच्या खजिनदारांच्या नावावर आहेत. म्हणून पोलीस ठाण्याचा फोन त्यांना आला. आयुष्यभर पै-पैचा हिशेब चोख ठेवलेला माणूस ठाण्यातल्या बाकावर बसून राहिला आणि त्या मजकुराचे प्रिंटआउट त्याच्यासमोर ठेवले गेले. तू त्या वेळी घरी जेवत असशील.

असं घडतं, हे मुंबईला पूर्वीच कळलं आहे. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले, पन्नासहून अधिक माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाची कसून चौकशी झाली. मेल पाठवणारे दुसरेच होते, त्यांनी त्याचं वायफाय वापरलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत याच पद्धतीने माटुंग्याच्या एका कॉलेजचं आणि चेंबूरच्या एका कंपनीचं वायफाय वापरलं गेलं. 2009 मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या, त्या यानंतरच. तू बॉम्ब ठेवलेला नाहीस. पण स्वतःचं कर्म दुसऱ्याच्या दारात टाकून पळण्याची रीत तीच आहे.

कायदाही वाचून ठेव. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली अप्रामाणिक हेतूने, परवानगीशिवाय यंत्रणेत शिरून ढवळाढवळ करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याची ओळख चोरून वापरली तर 66 क, तोतयेगिरी करून फसवलं तर 66 ड, अश्लील मजकूर पसरवला तर 67. तू यातलं एकही सोडलेलं नाहीस.

तुझ्यामुळे मंडळाची सभा झाली. काहीजण म्हणाले, लाइनच बंद करा. पाण्याच्या सामाईक टाकीत कोणी घाण टाकली म्हणून वाडीने पाणी पिणं सोडायचं का? लाइन बंद होणार नाही. दुसरी सूचना आली, प्रत्येक फोनचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कला दिसणारी त्याची ओळखखूण, नोंदवून घ्या. त्याचा उपयोग नाही. तो पत्ता सहज नकली करता येतो, आणि आताचे फोन स्वतःहूनच वेगवेगळ्या नेटवर्कला वेगवेगळा पत्ता दाखवतात. तिसरी सूचना जास्त धोक्याची होती. कोण कुठली साइट बघतो, ते सगळं नोंदवा म्हणे. मी तिला कडाडून विरोध केला. एक चोर पकडायला चाळीसेक बिऱ्हाडांच्या खासगी आयुष्यावर पाळत ठेवायची, तर तुझ्यात आणि मंडळात फरक काय राहिला? कोणत्या घराला कोणत्या वेळी कोणता अंतर्गत पत्ता मिळाला आणि बाहेरची जोडणी कधी झाली, एवढीच नोंद ठेवायची असं ठरलं. पोलिसांनी तारीख आणि वेळ सांगितली तर संशयित घरांची यादी आखूड करायला ती उपयोगी पडते.

फळ्यावरचा पासवर्ड पुसला आहे. सगळ्यांचा एकच पासवर्ड म्हणजे वायफायच्या जुन्या पद्धतीत कुणालाच कुलूप नाही. तो माहीत असणारा योग्य क्षणी कान लावून बसला, तर शेजाऱ्याची वाहतूक उलगडू शकतो. आता प्रत्येक घराला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड आहे. एका घराने खोडी काढली तर तेवढंच घर बंद, बाकीच्यांना झळ नाही. जोडलेले फोन एकमेकांना दिसणार नाहीत. राउटरची सेटिंग्ज फक्त खोलीतल्या एका केबलवरून उघडतील. स्टिकरवरचा पासवर्ड बदलला, बटण किंवा पिनने जोडणी देणारं डब्ल्यूपीएस बंद केलं, राउटरचं आतलं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर नवं टाकलं, साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा डीएनएस तू सेटिंगमध्ये शिरून बदलला होतास, तो पूर्वीचा केला. खरं नेटवर्क ओळखायचं प्रमाणपत्र घरोघरी जाऊन फोनमध्ये बसवणं चालू आहे. ते झालं की तुझ्या नावसाधर्म्याला फोन भुलणार नाहीत. हे काम अभ्यासिकेतली दोन मुलं करत आहेत. परीक्षा तोंडावर असताना त्यांच्या संध्याकाळी तू खाल्ल्यास, हाही हिशेब तुझ्याच खात्यावर.

वाडीतल्या सगळ्यांना सांगतो: मंडळ कधीही ओटीपी मागणार नाही. वायफायसाठी ओटीपी मागणारं पान दिसलं की फोनचं वायफाय बंद करा आणि मला हाक मारा, रात्री दोन वाजता मारली तरी चालेल. पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका, लगेच 1930 वर फोन करा. जितका लवकर कराल, तितकी रक्कम वाटेत अडकण्याची शक्यता जास्त.

आणि तू. रविवारच्या सभेपर्यंत तो राउटर मंडळाच्या खोलीत आणून ठेव, आजींच्या मैत्रिणीचे पैसे परत कर, आणि खजिनदारांसमोर उभा राहून हे मी केलं असं म्हण. तसं केलंस तर वाडी तुझ्या घरच्यांशी बोलणं सोडणार नाही, एवढा शब्द मी देतो. नाहीतर नोंदी, सिग्नलचे आकडे आणि त्या मजल्याचा पत्ता सोमवारी सायबर पोलिसांकडे जाईल. त्या मुलीच्या बाबतीत मात्र तडजोड करायचा हक्क ना मला आहे ना मंडळाला. तिने तक्रार नोंदवली आहे, आणि ती मागे घेणार नाही.