कायमचे प्रशिक्षणार्थी

सरकारी कचेरीत प्रशिक्षणाचं पत्र आलं की साहेब ते वाचत नाहीत. 'एक कर्मचारी नामनिर्देशित करावा' एवढी ओळ बघतात आणि मान वर करून विचारतात, "कोण गेलं तर काम अडणार नाही?" सगळी कचेरी एका टेबलाकडे बघते. त्या टेबलावर ढीग नसतो. ते टेबल भाऊसाहेबांचं.

जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याला जा, असे एक भाऊसाहेब सापडतीलच. हुद्दा पूर्वी ज्याला अव्वल कारकून म्हणत तो, वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यातलं एक प्रशिक्षणात मिळालेलं, म्हणजे न उमटणारं. आजचं काम आजच उरकायची त्यांना वाईट खोड आहे. कचेरीच्या हिशेबात टेबल रिकामं म्हणजे माणूस रिकामा. ज्याच्या टेबलावर फायलींच्या आडून डोकंसुद्धा दिसत नाही तो कामाचा माणूस, त्याला हलवून कसं चालेल? म्हणून 'प्रकरणांचा वेळेत निपटारा' या विषयाच्या प्रशिक्षणाला वेळेत निपटारा करणारा जातो आणि ढिगामागचा गृहस्थ बायकोच्या भाच्याच्या लग्नाला जातो.

परिणामी भाऊसाहेब पुण्याच्या 'यशदा' या सरकारी प्रशिक्षण संस्थेत इतक्या वेळा जाऊन आले की तिथला जेवणघराचा वाढपी त्यांना नावानं ओळखतो. माहितीचा अधिकार, सेवा हमी, ई-ऑफिस, ताणतणाव व्यवस्थापन, सगळं झालेलं. 'वेळेचं व्यवस्थापन' शिकवणारे व्याख्याते दोन तास उशिरा आले, तेव्हा भाऊसाहेबांनीच वर्गाला आधीच्या वर्षीच्या टिपणांवरून अर्धा विषय शिकवून टाकला होता. आता सरकारच्या 'कर्मयोगी' या ऑनलाइन प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम मोबाईलवर आले, तर कचेरीतले निम्मे मोबाईल भाऊसाहेबांच्याच हातात असतात. "भाऊसाहेब, आमचंही तेवढं पास करून टाका." 'कार्यस्थळी प्रामाणिकपणा' हा अभ्यासक्रम त्यांनी अनेकांच्या नावानं उत्तम गुणांनी पूर्ण केला आहे.

प्रमाणपत्रांची त्यांच्याकडे स्वतंत्र फाईल आहे. २०२४ साली नगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तेव्हापासून फाईल दोन जिल्ह्यांची झाली; खुर्ची मात्र तीच, डाव्या हाताला डुगडुगणारी. प्रशिक्षणात मिळालेल्या पिशव्या वहिनी बाजाराला नेतात. शनिवारच्या भाजीबाजारात 'सुशासनाकडे वाटचाल' असं छापलेल्या पिशवीतून शेपूची जुडी डोकावताना दिसली की ओळखावं, भाऊसाहेबांच्या घरचं माणूस आहे.

प्रशिक्षणाहून परतल्यावर त्यांची भाषा साधारण आठ दिवस बिघडलेली असते. अर्जदाराला ते 'नागरिक ग्राहक' म्हणतात, शिपाई मामांना 'टीम मेंबर'. पहिल्या दिवशी मामा दबकून असतात, तिसऱ्या दिवशी विचारतात, "भाऊसाहेब, टीम मेंबरनं चहा आणायचा का शिपायानं?" पुढच्या सोमवारपर्यंत सगळं पूर्ववत होतं.

हे सगळं कुठल्या मातीत चाललंय, तेही बघा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना नावाचे कलेक्टर नगरला आले. त्यांनी अभिलेख कक्षातली धूळ झटकली, टेबलांची मांडणी बदलली, कुणाकडे काय काम आहे ते लोकांना दिसेल असं केलं, स्थायी आदेशांच्या संचिका लावून घेतल्या, खालच्या पायरीवर निकाली निघेल ते खालीच निकाली काढायला लावलं. त्याचं नाव 'लखिना पॅटर्न' पडलं आणि साऱ्या राज्यात गाजलं. भाऊसाहेब नोकरीत लागले तेव्हा त्या काळातले एक अण्णा निवृत्तीला टेकले होते. ते सांगायचे, "बाबा, त्या वेळी रुमालात बांधलेला कागद मागितला की हजर व्हायचा." मग थोडं थांबून म्हणायचे, "आता रुमाल हजर होतो."

पुढे एकही प्रकरण तुंबू न देण्याची 'झिरो पेंडन्सी' आली, फायलींचे सहा गठ्ठे आले: निर्गतीचे वेगळे, प्रतीक्षेतले वेगळे, नियतकालिकांचे, स्थायी आदेशांचे, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. कचेरीनं सहाही गठ्ठे श्रद्धेनं बांधले आणि खाली एक सातवा ठेवला, ज्यात काय आहे ते कुणालाच माहीत नाही. दर नव्या साहेबाबरोबर नवी पद्धत येते, रंगरंगोटी होते, साहेबांची बदली होते, सातवा गठ्ठा राहतो.

एका प्रशिक्षणात भाऊसाहेबांना हिवरे बाजारला नेलं. नगरपासून जवळ, पण स्वतःच्याच जिल्ह्यातलं गाव बघायला भाऊसाहेब पुण्याहून आलेल्या बसमधून गेले. इतर मंडळी झाडांबरोबर फोटो काढत होती. भाऊसाहेब अडकले ते पाण्याच्या ताळेबंदापाशी. पोपटराव पवारांनी घडवलेल्या या गावात दरवर्षी पाऊस मोजतात, पाणी किती आलं नि किती लागणार हे ग्रामसभेत मांडतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं प्यायचं, मग उरेल त्यावर रब्बीचं पीक ठरतं. पाऊस कमी तर जास्त पाण्याचं पीक नाही, आणि ऊस तर नाहीच. सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला घातला गेला, तिथं ऊस नको असं गावानं मिळून ठरवायचं! भाऊसाहेबांचा स्वतःचा दोन एकर ऊस आहे. ते परतीच्या बसमध्ये कुणाशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भंगारातला एक फळा पुसून दारासमोरच्या कपाटाला टांगला आणि खडूनं तीन रकाने पाडले: आले, गेले, उरले. रोज संध्याकाळी पावणेसहाला आकडे लिहायचे, सगळ्या टेबलांचे.

तसं यात नवीन काहीच नव्हतं. हाच हिशेब प्रत्येकाच्या कार्यविवरण नोंदवहीत असतो. दर आठवड्याला त्याचा गोषवारा निघतो, सही होते, नोंदवही कपाटात जाते. भाऊसाहेबांनी केलं एवढंच, की कपाटातला आकडा कपाटाच्या बाहेर लावला.

पहिले दोन दिवस कचेरी हसली. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा फळ्यासमोर उभा राहिला, त्यानं बोट फिरवत वाचलं आणि मोठ्यानं विचारलं, "भाऊसाहेब, आमची वारसाची नोंद 'उरल्यात' हाये का 'गेल्यात'?" ढिगामागून प्रथमच एक डोकं वर आलं. मग रोजच कुणीतरी विचारू लागलं. 'उरले'चा आकडा वाढला की चहाच्या टपरीवर चर्चा. सहकाऱ्यांनी भाऊसाहेबांना बाजूला घेऊन समजावलं, "तुम्ही शिकून आलात, ते ठीक. पण शिकलेलं वापरायचं असतं का?" एकानं खडू लपवला. मामांनी तो शोधून दिला. टीम मेंबर बिघडला होता.

हळूहळू मात्र 'उरले' उतरू लागलं. सुधारणेच्या ओढीनं म्हणावं तर तसं नाही. म्हाताऱ्यांच्या प्रश्नांना कंटाळून. भाऊसाहेबांना त्याचं काही वाटलं नाही. "पाऊस तरी कुठं आपल्यासाठी पडतो?" म्हणाले.

तेवढ्यात २०२५च्या सुरुवातीला राज्याचा शंभर दिवसांचा कार्यक्रम आला. कार्यालयं स्वच्छ करा, तक्रारी निकाली काढा, नवे उपक्रम दाखवा. साहेबांना फळा दिसला. चारच दिवसांत त्याच्या जागी भलं मोठं फ्लेक्स लागलं. त्यावर साहेबांचा फोटो, उपक्रमाचं झोकदार नाव आणि खाली तीन छापील रकाने. फ्लेक्सवर खडू उमटत नाही, त्यामुळे आकडे उद्घाटनाच्या दिवशीचेच राहिले. वरिष्ठ खूश झाले. सगळ्या कचेऱ्यांना पत्रं गेली: या उपक्रमाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण पुण्यात, एक कर्मचारी नामनिर्देशित करावा.

साहेबांनी पत्र बघितलं, मान वर केली. "कोण गेलं तर काम अडणार नाही?"

भाऊसाहेब गेले. शेवटच्या बाकावर बसून त्यांनी पडद्यावर स्वतःचं कपाट बघितलं. एका तरुण सल्लागारानं समजावून सांगितलं की याला 'दृश्य व्यवस्थापन' म्हणतात आणि ते जपानमधून आलं आहे. भाऊसाहेबांनी मुकाट्यानं लिहून घेतलं. शेवटी अभिप्रायाच्या कागदावर 'आपण नवीन काय शिकलात?' या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं, 'जपान.'

इकडे कचेरीत मामांनी फ्लेक्सच्या मागून जुना फळा काढून दाराबाहेर टांगला होता आणि तिन्ही दिवस इमानेइतबारे आकडे भरले होते. आले शून्य, गेले शून्य, उरले शून्य. एवढी सुंदर आकडेवारी त्या कचेरीनं कधी पाहिली नव्हती. कारण दारात येणाऱ्या प्रत्येकाला ढिगामागून एकच उत्तर मिळत होतं, "भाऊसाहेब ट्रेनिंगला गेलेत. सोमवारी या."