रेलून बसायचं वय

फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझ्या मानेचा एक्स-रे उजेडात धरला आणि विचारलं, "शिवणकाम करता का?"

"नाही. स्पोर्ट बाइक चालवतो."

बाईंनी एक्स-रे खाली ठेवून माझ्या टकलाकडे पाहिलं. "अजून?"

बारा वर्षं चालवत होतो. पोट टाकीवर, हनुवटी मीटरजवळ, पार्श्वभाग आभाळाला, अशा त्या आसनात मी कर्वे रस्त्यावरून ताशी अठराच्या वेगानं ऑफिसला जायचो. इंजिनची खरी ताकद दहा हजार आरपीएमला आणि नळस्टॉपच्या गर्दीत काटा चार हजारांपुढे सरकत नाही. म्हणजे बारा वर्षं पंगतीत बसून मी नुसतं मीठ-लिंबूच खाल्लं. बायको मागे एकदाच बसली. "ही सीट नाही, माळा आहे," म्हणाली आणि रिक्षानं घरी गेली.

तर क्रूझर घ्यायची ठरली. पूर्वी माहितीपत्रक हातात आलं की आधी नजर ताकदीच्या आकड्यावर जायची. आता ती सरळ 'सीटची उंची' या ओळीवर गेली. अ‍ॅव्हेंजर 737 मिलिमीटर. 2005 साली ही गाडी आली तेव्हा आमच्या कट्ट्यावर तिचं नाव 'काकांची गाडी' होतं. हे नाव ठेवणाऱ्यांत मीच पुढे होतो, त्यामुळे ती घेणं म्हणजे थुंकलेलं चाटणं. सुपर मीटिऑर 650 बघून जीव खुळावला, पण वजन 241 किलो. बाइकला रिव्हर्स गिअर नसतो, तो आपण स्वतः असतो. सोसायटीच्या उतरत्या पार्किंगमधून रोज सकाळी म्हैस शेपटाकडून ओढत वर आणायची, हे माझ्या मानेला झेपणारं नव्हतं.

उरली मीटिऑर 350. वजन 191. म्हैस नाही, पारडू.

टेस्ट राइडला शोरूमचा पोरगा मागे बसला. मी क्लच सोडला, सवयीनं पाय मागे नेला आणि तो हवेत लोंबकळत राहिला.

"काका, पाय पुढे."

थोडा पुढे घेतला.

"अजून पुढे."

पाय पार समोर आले, हात रुंद हँडलवर पसरले. लग्नात जिलब्यांची परात घेऊन निघालेल्या माणसाची ही बैठक. वर गिअर टाचेनं टाकायचा. मी मात्र जुन्या खोडीनं लिव्हरखाली बोटं सारत राहिलो.

सिग्नलला शेजारी एक स्पोर्ट बाइकवाला येऊन गुरगुरू लागला. माझं रक्त उसळलं. हिरवा लागताच मी मूठ पिळली. गाडीनं माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि डुगडुगत निघाली. तिचा सगळा टॉर्क, 27 न्यूटन-मीटर, चार हजार आरपीएमलाच हजर असतो. वर चेकाळून काही मिळत नाही. तो स्पोर्ट बाइकवाला सुसाट गेला. पुढच्या सिग्नलला आम्ही पुन्हा शेजारी. तो मनगट चोळत होता. मी रेललो होतो.

एवढ्यानं मी माजलो. पुढचं वळण जुन्या थाटात, गाडी कलवून घेतलं. खर्रर्र! फूटरेस्ट डांबराला घासलं. क्रूझर बुटकी, ती तेवढी कलत नाही, हे मला वाचून माहीत होतं. मागच्या पोरानं माझा खांदा असा आवळला की तिथंही आता शेक द्यावा लागतो.

तरी घेतली.

हार घातलेली गाडी बघायला बाबा खाली आले. 1972 साली निघालेल्या चेतकवर, तीही नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेल्या, त्यांचा उभा संसार झालेला. गाडीभोवती एक फेरी मारून ते माझ्या बैठकीकडे बघत राहिले.

"पाठ ताठ, पाय समोर. आम्ही असंच बसायचो की रे. केवढ्याला?"

"दोन लाखांवर गेली."

बाबांनी वाकून मागचं चाक न्याहाळलं, मग दुसऱ्या बाजूनं जाऊन न्याहाळलं.

"आणि स्टेपनी कुठाय?"