आधी चौकशी, मग फोटो

नवी मुंबईत माणसाची ओळख सेक्टर, प्लॉट, विंग आणि फ्लॅट नंबर या क्रमाने होते. नावाची पाळी शेवटी येते. नेरुळच्या आमच्या फोटोकाकांना हा क्रम मान्य नाही. पोर्ट्रेट काढायचं म्हणून फोन केलात तर ते दर सांगत नाहीत. विचारतात, "गाव कुठलं?" गाव सांगितलं की तालुका, तालुक्यावरून यात्रा, आणि यात्रेवरून दोन मिनिटांत तुमच्या मामांपर्यंत पोचतात. पासपोर्टच्या वेळी पोलीस तुमचा पत्ता खरा आहे का पाहतात. काका चेहरा खरा आहे का ते पाहतात.

त्यांच्या पिशवीत कॅमेऱ्याखाली एक वही असते. तिच्यातल्या नोंदी अशा : "हसताना तोंडावर हात नेतात. दात चांगले आहेत, सवय आहे." "चष्मा काढायला सांगू नये, परके दिसतात." "जेवणानंतर बोलावू नये, पेंगतात." शेवटची नोंद एका नामांकित वक्त्याची आहे.

सानपाड्याच्या एका मुलाला लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो हवा होता. काका आदल्या रविवारी त्याच्या सोसायटीत गेले आणि वॉचमन, इस्त्रीवाला, तळमजल्यावरच्या आजी यांना "मुलगा कसा आहे हो?" एवढंच विचारून आले. संध्याकाळपर्यंत विंगभर झालं की स्थळ आलं. सेक्रेटरींनी मुलाच्या वडिलांचं अभिनंदन केलं आणि त्याच हस्तांदोलनात थकलेल्या मेंटेनन्सची आठवणही दिली. पण इस्त्रीवाल्याकडून काकांना कळलं होतं की या मुलाचा जीव एका निळ्या सुती शर्टावर आहे. भाड्याने आणलेला कोट खुंटीवर राहिला, फोटो निळ्या शर्टात निघाला. मुलगा त्यात चक्क स्वतःसारखा दिसतो.

काकांचं दैवत म्हणजे छायाचित्रकार युसुफ कार्श. ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावाच्या संसदेत कार्शने चर्चिलच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि त्या क्षणाचा संतापलेला चेहरा जगभर गेला. ही गोष्ट काका प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. एकदा करूनही पाहिली : एका आजोबांची तंबाखूची चंची त्यांनी ऐन वेळी उचलली. आजोबा संतापले खरे, पण चर्चिलसारखे खुर्चीजवळ थांबले नाहीत, चंचीमागे धावले. फोटोत रिकामी खुर्ची आली. तेव्हापासून काका त्या गोष्टीचा दुसरा भाग जास्त रंगवून सांगतात, की कार्शने आदल्या रात्रीच दिवे लावून ठेवले होते म्हणून ते दोन मिनिटांत जमलं. दुसरं नाव घेतात ते गौतम राजाध्यक्षांचं. "त्यांचं 'चेहरे' हे पुस्तक उघडून बघा," म्हणतात, "माणूस आधी कळला होता, मग टिपला."

काकांचा खरा कस लागला तो कोपरखैरण्याच्या एका निवृत्त माथाडी कामगाराच्या पंचाहत्तरीला. मुलाने वडिलांसाठी ब्लेझर आणि टाय आणला होता. काकांनी आधी १९६९ चा माथाडी कायदा वाचला, माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्याविषयी वाचलं आणि एका सकाळी कांदा-बटाटा मार्केटात जाऊन उभे राहिले. गोणी कशी उचलतात, भार कुठे पडतो, पाठ कशी वाकते, मान कुठे वळते ते पाहत राहिले. एका व्यापाऱ्याने त्यांना इन्स्पेक्टर समजून चहाही पाजला.

फोटोच्या दिवशी बाबा ओळखपत्राला बसल्यासारखे ताठ बसले. काका "हसा" म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "बाबा, गोणी पाठीवर घेताना मान कुठल्या बाजूला?" बाबांनी टाय सैल केला, मग ब्लेझरच उतरवला. "तुमाला न्हाई जमायचं," म्हणत उभे राहिले आणि वळून दाखवू लागले. खिडकीचा उजेड मानेवर पडावा म्हणून खुर्ची काकांनी आधीच सरकवून ठेवली होती. फोटोत ती मान आहे, आणि अडाण्याला शिकवणाऱ्याची डोळ्यांतली ऐट आहे. मुलगा ब्लेझरच्या पैशांवरून कुरकुरला. आईने मात्र फोटो हातात धरून निकाल दिला : "आता कसं, आमचं मानूस दिसतंय!"

काकांच्या चौकशीचं मर्म इथे आहे. कॅमेरा समोर आला की माणूस चेहरा बंद करून घेतो; ज्याचं उत्तर फक्त त्यालाच येतं असा प्रश्न आला की कॅमेरा विसरतो. शिवाय उजेड, कपडे, वेळ हे सगळं आधी ठरलेलं असल्यामुळे काकांचे डोळे कॅमेऱ्यात न अडकता माणसावर राहतात.

काका फसतात ते मिळवलेली सगळी माहिती बोलून दाखवतात तेव्हा. ऐरोलीच्या एका मॅनेजरसाहेबांना त्यांनी दिवे लावता लावता सहज विचारलं, "दहावीला गणित राहिलं होतं ना तुमचं?" तो फोटो आजही काकांकडे आहे, साहेब न्यायला आले नाहीत. अभ्यास वहीत ठेवावा, तोंडातून एकच प्रश्न काढावा, हे काकांना पटतं, जमत नाही.

तरीही फोटो काढायचा तर काकांकडूनच काढा. फक्त सोसायटीच्या वॉचमनला आधी सांगून ठेवा, आणि मेंटेनन्स भरून टाका.